मराठी माणसाला जवळची कोणती: पश्तो की कोरियन?

मुळशीकर

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या लोकांना भाषा शिकवणारी त्यांची सरकारी संस्था आहे, फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट. कुठली भाषा शिकायला किती वेळ लागतो याची त्यांची एक यादी नेटवर सगळीकडे फिरत असते. त्यात पश्तोला साधारण ४४ आठवडे म्हणजे ११०० तास दिलेत आणि कोरियनला ८८ आठवडे म्हणजे २२०० तास. कोरियन सरळ डबल अवघड. पण हा सगळा हिशोब इंग्रजी बोलणाऱ्याचा झाला. जो मराठीतून निघालाय त्याने काय धरून चालायचं?

मी कोरियन शिकतोय आणि माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये अफगाण मुलं राहतात (पुण्यात शिकायला बरीच येतात हे पुणेकरांना माहीत असेलच), त्यांच्यामुळे पश्तो रोज कानावर पडते. माझं मत असं की पश्तो आपल्याला फार जवळची पडायला हवी. ती इंडो-युरोपीय कुळातल्या इराणी शाखेची, पूर्व इराणी गटातली, म्हणजे आपली चुलत बहीण. कोरियनचं कुळच वेगळं, तिला जेजू बेटावरची भाषा सोडली तर सख्खं कोणी नाही. तरीही कोरियन वाक्य मला चटकन जमतं आणि पश्तो वाक्य कानावरून निघून जातं, याचं कारण मला समजून घ्यायचंय. ज्यांना दोन्हीपैकी एक तरी येते त्यांनी कृपया लिहा.

हजरजबाबी

चुलत बहीण आहे म्हणूनच पटत नसेल. भाऊबंदकी!

दुबईस्थ

हजरजबाबी, तुम्ही गंमतीत लिहिलंत पण पश्तोत चुलतभावाला "तरबुर" म्हणतात आणि त्यावरूनच "तरबुरवली" म्हणजे चक्क भाऊबंदकी, तेच जमिनीचे वाद आणि तीच पिढ्यान्‌पिढ्यांची खुन्नस. 😀 बाकी काका म्हणजे "काका" आणि मामा म्हणजे "मामा". साइटवर आमचे निम्मे ड्रायव्हर पेशावर-स्वात-वझिरिस्तान बाजूचे, त्यांच्यात राहून मी कामापुरती पश्तो शिकलो. पुस्तक कधी उघडलं नाही त्यामुळे व्याकरणाचं मला विचारू नका, बोलण्यातलं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे उच्चार. आपण चांगला, चमचा म्हणताना जो "च" काढतो (दाताजवळचा, त्स सारखा) तो पश्तोत जसाच्या तसा आहे. "त्संगा ये?" म्हणजे कसा आहेस. जहाज, जावई मधला "ज" पण आहे, "द्झम" म्हणजे मी जातो. केरळच्या आणि बिहारच्या सहकाऱ्यांची इथे जीभ वळत नाही, मराठी माणूस पहिल्या दिवशी बरोबर म्हणतो. ट, ड, ण सगळे आहेत. ण तर खणखणीत, झाडाच्या पानाला "पाणा" म्हणतात आणि पुस्तकाच्या पानालाही पाणाच. वर्तमानपत्र म्हणजे "वरद्झपाणा", वरद्झ म्हणजे दिवस.

पेशावरकडचे लोक मात्र त्स चा स आणि द्झ चा झ करतात, ते "संगा ये" म्हणतील. आणि भाषेचं नावच दोन प्रकारे, कंदाहारकडे पश्तो आणि पेशावरकडे पख्तो. अक्षर एकच आहे, उच्चार गावागणिक बदलतो.

नीलमोहर

कोरियन ड्रामे बघून बघून शिकलेली मी! मुळशीकर, तुम्ही म्हणताय ते मला शंभर टक्के पटतं. वाक्य जमण्याचं कारण मला विचाराल तर जोडक्रियापदं. "मॉगॉ ब्वा" म्हणजे खाऊन बघ. मॉगॉ = खाऊन, ब्वा = बघ. इंग्रजीत इथे ट्राय आणावा लागतो, आपण आणि कोरियन दोघंही "बघ" म्हणतो. "हे ज्वॉ" म्हणजे करून दे. आणि मला सगळ्यात आवडलेलं, "मॉगॉ बॉर्यॉस्सॉ" म्हणजे खाऊन टाकलं, यातल्या बॉरिदा क्रियापदाचा मूळ अर्थ टाकणे, फेकून देणे असाच आहे! खाऊन टाकलं मध्ये जी "संपलं एकदाचं" किंवा "अरेरे संपलं" अशी छटा असते ना, तीच त्यातही असते. हे सबटायटलमध्ये कधीच येत नाही, पण मराठी कानाला बरोबर कळतं.

भाषाकाका

नीलमोहर, फार चांगलं निरीक्षण. कॉलिन मासिका नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९७६ साली नेमकं हेच तपासलं होतं. "करून" सारखी रूपं, जोडक्रियापदं, क्रियापद वाक्याच्या शेवटी, "मला भूक लागली" सारखी वाक्यं, ही लक्षणं भारतात कुठे कुठे आहेत आणि भारताबाहेर कुठवर जातात याचे नकाशे काढले. भारतातली यातली बरीच लक्षणं मध्य आशियातून वर पार कोरिया-जपानपर्यंत दिसतात. म्हणजे कुळ एक गोष्ट सांगतं आणि वाक्याची बांधणी दुसरीच.

आता मुळशीकर, तुमच्या मूळ प्रश्नाकडे. पश्तोचं वाक्य तुमच्या कानावरून का निघून जातं याचं एक मोठं कारण विशेषण-वाक्यात आहे. मराठीत "मी वाचलेलं पुस्तक" म्हणता येतं आणि "जे पुस्तक मी वाचलं ते" असंही म्हणता येतं. कोरियनमध्ये पहिलीच पद्धत, "नेगा इल्गन छेक", मी-वाचलेलं-पुस्तक, शब्दामागे शब्द. पश्तोत दुसरीच्या जवळची, आधी "हग़ा किताब" म्हणजे ते पुस्तक, मग "चे" लावून उरलेलं वाक्य मागून येतं. शिवाय कोरियनमध्ये नामाच्या मागे प्रत्यय लागतो, आपल्यासारखाच. पश्तोत पुढेही काहीतरी आणि मागेही काहीतरी लागतं. घरात म्हणायचं तर "प कोर के", यातलं कोर म्हणजे घर आणि "प ... के" मिळून आपला एक "-त". कान "प" ऐकतो आणि थांबतो, कारण मराठीत नामाच्या आधी अशी चौकी नसते.

पण भूतकाळात या. भूतकाळात पश्तो तुमची सख्खी आहे. आपण शाळेत कर्मणी प्रयोग शिकतो, मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे चालतं. पश्तोत भूतकाळी सकर्मक वाक्य म्हणजे कर्मणी प्रयोगच. "मा डोडइ वख्वड़ा", मी भाकरी खाल्ली. डोडइ स्त्रीलिंगी म्हणून क्रियापद स्त्रीलिंगी. कोरियनमध्ये लिंग नाही, वचनाची सक्ती नाही, क्रियापद ना कर्त्याला बघत ना कर्माला.

पश्तो इथे आपल्याही पुढे गेली आहे. "त्याने मला पाहिलं" असं आपण भावे प्रयोगात म्हणून मोकळे होतो. पश्तोत "ज़ ये वलीदम", आणि तो शेवटचा म् हा "मी"चा प्रत्यय आहे. शब्दशः मांडलं तर "त्याने मी पाहिलो". कर्म कुठलंही असो, क्रियापद त्याच्याशीच इमान राखतं.

पेडणेची

भाकरीचा विषय निघालाच आहे तर पावाबद्दल सांगते. कोरियनमध्ये ब्रेडला "प्पांग" म्हणतात, हा पोर्तुगीज शब्द, जपानीतून तिकडे गेला. आमच्या गोव्यातला आणि तुमच्या वडा-पावातला पाव पण पोर्तुगीजच. एकाच बंदरावरून निघालेली दोन गलबतं, एक मांडवीत शिरलं आणि एक जपानला गेलं!

इतिहासवेडा_७

कोरियन भाषा मुळात तमिळमधून निघालेली आहे हे कोणी कसं लिहिलं नाही? अप्पा, ऑम्मा हे शब्द दोन्हीकडे सारखे. अयोध्येची राजकन्या कोरियाची राणी झाली याचा तर पुरावाच आहे.

भाषाकाका

इतिहासवेडा, "निघालेली" हा शब्द मागे घ्यावा लागेल. होमर हल्बर्ट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोरियन आणि द्राविडी भाषांची तुलना केली होती, तेव्हापासून ही कल्पना अधूनमधून वर येते. पण दोन भाषांचं नातं दाखवायला नियमित ध्वनिबदल दाखवावा लागतो, आणि तो तिथे कोणाला दाखवता आलेला नाही. अप्पा-अम्मा हे बाळाच्या तोंडचे पहिले ध्वनी, ते जगभर सारखे असतात.

नियमित बदल म्हणजे काय ते पश्तोत बघा. मूळच्या द चा पश्तोत ल झाला. फारसीत हाताला दस्त, पश्तोत "लास". फारसीत बघणे दीदन, पश्तोत "लिदल". दहा म्हणजे "लस", आपला संस्कृत दश. मुलगी म्हणजे "लूर", आपली दुहिता. एकदा नियम कळला की शब्द आपोआप उलगडत जातात. हे नातं असतं.

राणीची कथा तेराव्या शतकातल्या "सामगुक युसा" या ग्रंथात आहे, त्यात ती "आयुता" देशाहून आली असं म्हटलंय. ते आयुता म्हणजे अयोध्या हे नंतर लावलेलं आहे. अयोध्येत २००१ साली तिचं स्मारक झालं, कोरियातले तिचे वंशज म्हणवणारे लोक तिथे श्रद्धेने येतात. त्या श्रद्धेचा मान ठेवू, पण तो भाषेचा पुरावा होत नाही.

इतिहासवेडा_७

काका, लस आणि लूर पटलं. पण मग भारताचं कोरियनमध्ये काहीच नाही का?

रांजणगाव_दुभाषी

आहे ना, बौद्ध धर्माबरोबर चिनी मार्गाने गेलेलं. क्षणाला कोरियनमध्ये "चाल्ला" म्हणतात, तो संस्कृत क्षण आहे. नुसता गोंधळ-हाणामारी माजली की "आसुराजांग", त्यातले असुर आपलेच. बोधिसत्त्व म्हणजे "बोसाल".

मी एमआयडीसीत कोरियन दुभाषी म्हणून काम करतो, माझा अनुभव मुळशीकरांपेक्षा थोडा वेगळा आहे. वाक्यरचना मराठी माणसाला सोपी जाते हे खरं, दोनेक महिन्यांत पोरं वाक्यं जोडायला लागतात. अडतात कुठे, तर दोन ठिकाणी.

एक उच्चार. चंद्र, मुलगी आणि मुखवटा हे तीन शब्द कोरियनमध्ये "ताल", "त्ताल" आणि "थाल". आपल्याला त आणि थ येतात म्हणून आपण खूश असतो, पण तिसरा कुठे ठेवायचा? सेऊलची तरुण मंडळी तर आता साधा आणि महाप्राण हा फरक बराचसा स्वराच्या पट्टीवर करतात, साधा असेल तर खालच्या पट्टीत, महाप्राण असेल तर वरच्या. आपण हवेचा झोत ऐकायला बसतो आणि कोरियन माणूस सूर ऐकून मोकळा होतो.

दुसरं मानपान. आपल्याकडे तू-तुम्ही-आपण आहे, "बाबा आले" असं अनेकवचन आहे, त्यामुळे कल्पना नवीन नाही. पण कोरियनमध्ये समोर कोण बसलाय यावर प्रत्येक वाक्याचा शेवट बदलतो आणि ज्याच्याबद्दल बोलताय त्याच्यासाठी क्रियापदात वेगळा "शी" घुसवावा लागतो. मीटिंगमध्ये लाइन सुपरवायझर म्हणतो "सरांना सांग, मशीन बंद पडलं". मराठीत हे निरोप म्हणून ठीक आहे. मला मात्र तोंड उघडायच्या आत ठरवावं लागतं की समोरचा कोण, त्याच्यापेक्षा वयाने-हुद्द्याने मोठा कोणी खोलीत आहे का, आणि त्यानुसार "-म्निदा" की "-यो". जेवण साध्या माणसाचं "पाप", आजोबांचं "चिन्जी". झोपणं माझं वेगळं आणि त्यांचं वेगळं. एखाद्या नवशिक्याने घाईत मोठ्या माणसाला बरोबरीच्या भाषेत उत्तर दिलं की खोलीत शांतता पसरते, मशीन वगैरे सगळे विसरून जातात.

आणि आकडे! तीन वाजून तीन मिनिटं म्हणजे "से शी साम बुन". एकाच वाक्यात तीनला दोन शब्द, तासाला देशी आणि मिनिटाला चिनी.

शब्दवेडी

लिपीचं कोणीच बोललं नाही!!! माझ्यासाठी तर कोरियन म्हणजे आधी हांगुल. राजा सेजोंगने १४४३ मध्ये करवली आणि १४४६ मध्ये लोकांसमोर आणली. क चं अक्षर म्हणजे घशाकडे उचललेल्या जिभेचं चित्र, न म्हणजे टाळूला टेकलेलं जिभेचं टोक, म म्हणजे तोंड. पाणिनीच्या देशातल्या माणसाला हे बघून आनंद झाला नाही तर कोणाला होणार? वर आपल्या बाराखडीसारखं एका अक्षरात व्यंजन आणि स्वर एकत्र बसवायचे. दोन संध्याकाळी बसलं की वाचता येतं.

आणि संधी! हांगुक म्हणजे कोरिया, माल म्हणजे भाषा. लिहायचं हांगुक-माल, वाचायचं "हांगुङमाल". क पुढे म आला की क चा ङ. वाक् + मय = वाङ्मय, तोच नियम! आमच्या क्लासमध्ये बाकीचे हा तक्ता पाठ करत बसले होते.

याउलट पश्तोचं अरबी-फारसी वळणाचं, चाळीसच्या वर अक्षरं, ट ड ण साठी खाली छोटी गोल गाठ मारलेली. गाठ मला फार गोड वाटते. पण "य" पाच प्रकारचे आहेत आणि ऱ्हस्व स्वर बहुतेक लिहीतच नाहीत, त्यामुळे शब्द आधी माहीत असल्याशिवाय वाचता येत नाही. मुळशीकर, तुमचा कान अडतोय त्यात हेही असणार, ऐकलेलं लिहून बघता येत नाही.

मुळशीकर

शब्दवेडी, अगदी बरोबर! शेजारच्या मुलांना मी एक शब्द लिहून मागितला तर एक कंदाहारचा आणि एक जलालाबादचा, दोघांनी लिहिलं सारखं आणि म्हणून दाखवलं वेगवेगळं. मग त्यांचीच जुंपली.

एक विचारायचंय, पश्तोला प्रमाणभाषा अशी आहे का? कोरियनला सेऊलची आहे तशी?

भाषाकाका

दोन केंद्रं आहेत, कंदाहार आणि पेशावर, आणि मधून सीमा जाते. १८९३ साली ड्युरंड रेषा आखली गेली आणि पश्तो बोलणारे दोन बाजूंना झाले. अफगाणिस्तानात पश्तो दरीच्या (म्हणजे तिकडच्या फारसीच्या) जोडीने राजभाषा, त्यामुळे तिकडच्या पश्तोत दरीतले शब्द. पाकिस्तानात राष्ट्रभाषा उर्दू, त्यामुळे तिकडे उर्दू-इंग्रजी. पेशावर विद्यापीठात १९५५ पासून पश्तो अकॅडमी आहे, कोश-संपादनाचं काम तिथे झालं, पण एक प्रमाण दोन्ही बाजूंनी मानावं हे होऊ शकलेलं नाही.

मला मुळशीकरांच्या धाग्यातली ही तुलना सगळ्यात मोलाची वाटते, कारण कोरियनही दुभंगलेली आहे. उत्तरेत "रोदोंग" लिहितात आणि म्हणतात, दक्षिणेत त्याच शब्दाला "नोदोंग". उत्तरेतला "री" दक्षिणेत "ई" होतो, आडनावसुद्धा. पण फाळणीच्या आधीच कोरियन लोकांनी एक गोष्ट करून ठेवली होती. जपानी राजवटीत शाळांतून कोरियन हद्दपार होत होती तेव्हा कोरियन भाषा मंडळ शब्दकोश करत होतं. १९४२ मध्ये मंडळाच्या लोकांना पकडलं, काही जण तुरुंगातच वारले. कोशाचं हस्तलिखित पुरावा म्हणून जप्त झालं. जपान हरल्यावर १९४५ च्या सप्टेंबरमध्ये ते हस्तलिखित सेऊल स्टेशनच्या मालगोदामात सापडलं आणि त्यावरून पुढे मोठा कोश छापला गेला. मी वर्गात हे शिकवायचो तेव्हा दरवेळी थांबायचो. जीव धोक्यात घालून माणसं शब्दांच्या चिठ्ठ्या लावत होती.

पश्तोच्या वाट्याला असं मंडळ त्या बळाने आलं नाही, पण कवी आले. खुशालखान खटक, १६१३ ते १६८९, शिवाजी महाराजांचा समकालीन. आधी मुघलांचा मनसबदार, मग औरंगजेबाने रणथंबोरच्या किल्ल्यात कैद केलेला, सुटल्यावर त्याच औरंगजेबाविरुद्ध उभा राहिलेला. महाराष्ट्रात त्याचं नाव घरोघरी असायला हवं होतं.

शब्दवेडी

काका, आणि लंडई! पश्तून बायकांची दोन ओळींची कविता, पहिल्या ओळीत ९ अक्षरं आणि दुसरीत १३. कोणी केली याचं नाव नसतं. प्रेम, विरह, लढाईवर गेलेला नवरा, बळजबरीचं लग्न, सगळं त्या बावीस अक्षरांत. आपल्या जात्यावरच्या ओव्यांसारखंच बायकांनी बायकांसाठी केलेलं, पण ओवीत माहेर आणि विठ्ठल जेवढा येतो तेवढी तिथे बंडखोरी येते. कोरियन सिजो तीन ओळींची असते, तीही सुंदर, पण ती आधी दरबारी विद्वानांची. मला कोणी विचारलं पश्तो का शिकायची तर मी फक्त लंडईसाठी शिकेन.

नीलमोहर

आता मला पण शिकावीशी वाटायला लागली 😭 पण पश्तोसाठी क्लास, ॲप, मालिका काय आहे? कोरियनला टोपिकची परीक्षा आहे, सहा पातळ्या आहेत, नोकऱ्या आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणात शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांत कोरियनचं नाव आहे. पश्तो कुठून सुरू करायची?

रांजणगाव_दुभाषी

नीलमोहर ताई, हाच खरा फरक आहे. घरभाडं भरायचं तर कोरियन.

दुबईस्थ

साहेब, घरभाडं मान्य. पण मुळशीकरांनी विचारलंय जवळची कोणती. आमच्याकडे रात्रपाळी संपवून ड्रायव्हर आला की त्याला म्हणायचं "स्तड़य मा शे", म्हणजे थकू नकोस. तो म्हणतो "ख्वार मा शे", तुझी दैना न होवो. हा "मा" संस्कृतातलाच नकाराचा मा ना, काका?

भाषाकाका

तोच. मा कुरु मधला.

रांजणगाव_दुभाषी

कोरियन पण दुकानातून निघताना दुकानदाराला "सुगोहासेयो" म्हणतात, तुम्ही कष्ट करताय याची जाण ठेवून. मोठ्या साहेबाला मात्र ते म्हणायचं नाही, आगाऊपणा होतो. दुबईस्थ, पश्तोत हे मोठ्यांना चालतं का?

दुबईस्थ

चालतं म्हणजे काय, म्हाताऱ्या बाबालाही तेच. फार तर "त"च्या (तू) जागी "तासो" म्हणायचं, आपल्या तू-तुम्हीसारखं. मानपान पश्तूनांकडे भरपूर आहे पण तो पाहुणचारात दिसतो, क्रियापदात नाही.

मुळशीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मला आता असं दिसतंय की कोरियन वाचून-लिहून जमते कारण बांधणी ओळखीची आहे, लिपी साफ आहे. पश्तो मात्र मी पुस्तकातल्यासारखी ऐकायला जात होतो, ती बोलूनच शिकायला हवी, आणि माणसं भिंतीपलीकडेच आहेत. टोपिक होईपर्यंत कोरियन क्लास चालू ठेवतो आणि रात्री जेवण झालं की त्यांच्याकडे जाऊन बसतो. दुबईस्थ, सुरुवात कुठल्या क्रियापदांनी करू?

दुबईस्थ

देणे आणि येणे. पण क्रियापद नंतर, आधी तीन चिकट शब्द पक्के करा: "रा" म्हणजे माझ्याकडे, "दर" तुझ्याकडे, "वर" त्याच्याकडे. राकड़ा = मला दे. दरकवम = तुला देतो. वरकवम = त्याला देतो. येण्याजाण्यालाही तेच लागतं, "राद्झा" म्हणजे इकडे ये, "वरशा" म्हणजे त्याच्याकडे जा. पश्तोत कोणाकडे हे कळल्याशिवाय वस्तू हलत नाही. त्या मुलांबरोबर जेवायला बसा, मीठ राकड़ा, नान राकड़ा, चहा राकड़ा, आठवड्यात तोंडात बसेल. आणि ग्लास तुम्ही पुढे केलात की ते "दरकवम" म्हणतील, तेव्हा कान लावून ऐका.

हजरजबाबी

मुळशीकर, नान कोण करणार तेवढं आधी ठरवा. भाऊबंदकी तिथूनच सुरू होते. 😀

मुळशीकर

नान ते करतात, पिठलं मी नेणार आहे. ठरलंय.